नॉमिनीचा रकाना

२०२३ च्या मार्चमध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा आमच्या कोल्हापुरात एक उलटी गोष्ट घडली. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशा टोप्या घातलेल्यांचे मोर्चे निघालेच, पण त्या मागणीच्या विरोधात तरुण पोरांनीही मोर्चा काढला. आम्हाला कामाला घ्या, आम्ही कमी पगारात राबतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्या पोरांच्या बाजूची होते. नुसती मनातल्या मनात नव्हे, तर हळदीकुंकवापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत जिथे विषय निघेल तिथे तावातावाने बोलत होते. सहकारी बँकेत तीसेक वर्षं काढलेली बाई आकडे घेऊन बोलते, म्हणून लोक ऐकूनही घेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. देश स्वतंत्र झाला तेव्हा माणूस सरासरी बत्तीस-तेहतीस वर्षं जगत होता, आता सत्तरच्या आसपास जगतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातले जवळपास दहा जण साठीच्या पुढचे होते, देशात साडेआठ. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०५० साली देशात साठीच्या पुढची माणसं ३४ कोटींच्या वर असतील, म्हणजे दर पाचात एक. इकडे पाळणे कमी हलतायत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली. लोकसंख्या आहे तेवढी राहायची तर २.१ लागतात. कमावणारे घटणार, बसून खाणारे वाढणार. मग पेन्शन म्हणजे काय? पुढच्या पिढीच्या नावावर उचललेलं कर्ज, ज्याच्या कागदावर त्या पिढीची सही नाही. हे शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. बँकवाल्यांना तर हमखास पटायचं.

यातला एकही आकडा मी आज मागे घेत नाही. त्या आकड्यांवरून मी जिथे पोचत होते, तिथे आता पोचत नाही, एवढंच. आणि ते एका रात्रीत झालं नाही. कुणी भाषण करून पटवलंही नाही.

आधी घरातली गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. २००५ च्या नोव्हेंबरच्या आधी नोकरीला लागलेले, त्यामुळे जुनी पेन्शन. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, आणि तो भत्ता वर्षातून दोनदा सरकतो. मला ईपीएस-९५ ची पेन्शन. तिचं सूत्र सोपं आहे: पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. धरायच्या पगाराला १५ हजारांची कमाल मर्यादा, २०१४ च्या आधी ती साडेसहा हजार होती. खरा पगार कितीही असो. महागाई भत्ता नाही. माझ्या पेन्शनीत घरचं लाइट बिल आणि गॅस भागतो, वर भाजीला थोडे उरतात. त्यामुळे ‘पेन्शन म्हणजे देशाच्या गळ्यातला धोंडा’ असं मी म्हणायची तेव्हा त्या अर्थशास्त्राला मत्सराची चांगली झणझणीत फोडणी असायची. ह्यांना ते कळत होतं. हे हसायचे आणि पेपरात डोकं घालायचे, त्याने मी आणखी चिडायची.

पुरावा मात्र माझ्याच काउंटरवर रोज येत होता. माझी बरीच नोकरी करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या गावांच्या शाखांमध्ये गेली. या पट्ट्यात दर दहा दिवसांनी दुधाचं बिल जमा होतं. १९६३ साली सुरू झालेल्या गोकुळ दूध संघाने या जिल्ह्यात दुसरं काही केलं नसतं तरी एवढं केलं, की बाईच्या हातात महिन्यातून तीनदा पैसा आला. बिलाच्या दिवशी शाखेत बायकांची रांग लागायची, आणि त्या रांगेत साठीच्या आतल्या बायका कमी असायच्या. गुडघे धरत आलेल्या, पदराच्या गाठीत पासबुक. शेवटी नाव विचारायचीही गरज उरायची नाही, कोण किती काढणार आणि कुणाला देणार हे आम्हाला पाठ झालेलं. अशाच एक मावशी.

“बाई, ह्यातलं पाच हजार पोराच्या खात्यावर टाका. गाडीचा हप्ता तटलाय त्याचा.”

“मावशी, मागच्या बिलालाही टाकले होते की.”

“मग काय करू? म्हस माझी, आन् पोरगं बी माझंच.”

पोरगं एमआयडीसीत कंत्राटावर. काम असलं तर पगार, नसलं तर घरी. नातवाची फी, सुनेचं दवाखान्याचं, दिवाळीला दूध फरकाची रक्कम आली की भिंतीचा गिलावा, सगळं त्या एका म्हशीवर आणि तिच्या मालकिणीवर. पहाटे उठून शेण-घाण, वैरण, धार, डेअरीत दूध घालणं, फॅट किती लागलं ते पाहून घरी येणं, आणि संध्याकाळी परत तेच. जनगणनेच्या भाषेत ही बाई अवलंबित. तिचा तिशी-पस्तिशीचा मुलगा कमावता. लोकसंख्येचा हिशेब वयावर चालतो: पंधरा ते एकोणसाठ हे पोसणारे, साठीपुढचे पोसले जाणारे. माझ्यापुढच्या खात्यांमध्ये पैसा नेमका उलट्या दिशेने वाहत होता, आणि मी पंगतीत उभी राहून पहिला हिशेब सांगत होते.

एकदा हे डोळ्यांत भरलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. पुण्यात, चाकण-भोसरीत नोकरीला गेलेल्या पोरांच्या घरी नातवंडं सांभाळायला इथून गेलेल्या आज्या मोजा. त्या नसत्या तर किती सुना कामावर जाऊ शकल्या असत्या? फ्लॅटचं पहिलं डाउन पेमेंट गावाकडची किती गुंठे जमीन विकून झालं, ते मोजा. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली तेव्हा ‘आता म्हातारे जोतिबाला फिरत बसणार’ म्हणून मीही कुरकुरले होते. एसटीत बसून पाहिलं तर निम्म्या म्हाताऱ्यांच्या पिशवीत लेकीकडे नाहीतर लेकाकडे चाललेलं तांदूळ-तूप होतं.

एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. ज्येष्ठ म्हणजे अनुभवाची शिदोरी वगैरे म्हणत शाल-श्रीफळ देणाऱ्या समारंभांत मला आता बोलावतातही. पण सत्तरीतल्या बाईने पहाटे शेणात उभं राहणं याला मी ज्येष्ठांचं योगदान म्हणणार नाही. ती हौसेने राबत नाही. सोडलं तर काय, याचं उत्तर नाही म्हणून राबते. वाढत्या वयाचे फायदे सांगणारे लोक हा मुद्दा सफाईने गिळतात. म्हातारी माणसं कामाची आहेत हे खरं, पण कामाची नसतील तेव्हा काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आणि तोटे आहेतच. इथे मी बँकेतल्या खुर्चीवरून बोलते. आमच्या ऊसपट्ट्यात सातबारा बापाच्या नावावर, विकास सोसायटीचं सभासदत्व बापाच्या नावावर, कारखान्याचा शेअर बापाच्या नावावर. बाप अठ्ठ्याहत्तरचा. मुलगा पन्नाशीचा, पण गावात अजून ‘त्यांचा पोरगा’. ऊस तोच लावतो, पाणी तोच पाजतो, टोळीवाल्यांच्या मागे तोच फिरतो, आणि पीककर्जाच्या फॉर्मवर अंगठा वडिलांचा. पीएम किसानचे दोन हजारही वडिलांच्या खात्यात. ठिबक करायचं, दुसरं पीक घेऊन बघायचं, तर परवानगी मागायची. सहकारी संस्थांच्या निवडणुकीत मतदार यादीवर हरकती येतात तेव्हा मयत सभासदांची नावं निघतात; मेल्यावरसुद्धा माणसाच्या हातून सभासदत्व सुटत नाही अशी आमच्याकडची गत. तरुणांचा वैताग मी समजू शकत होते. म्हणून मी काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्यांना मोकळेपणाने सल्ला द्यायची, “मामा, हयातीतच नावावर करून टाका. बक्षीसपत्र करा. मागून भांडणं नकोत.”

काहींनी ऐकलं. त्यांतल्या काहींचं बरं चाललं. काहींची खाती पुढच्या वर्षा-दोन वर्षांत कोरडी पडत गेली, ऊसबिल दुसऱ्या खात्यावर जाऊ लागलं, आणि ज्यांना मी मामा म्हणायची ते शंभर-दोनशे रुपये काढायला येऊ लागले. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर जमीन दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. प्रांतांसमोर दाद मागता येते, महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी ठरू शकते. मात्र ती अट कागदात लिहिलेली असली तर केस भक्कम, हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच ते नीट माहीत नव्हतं. आणि कायदा असला तरी पोटच्या पोरावर प्रांत ऑफिसात अर्ज घालायला किती जण जातात? एका मामांना मी कायदा समजावला तेव्हा ते म्हणाले, “बाई, गावात तोंड कुठं दावू?”

आता मी सांगते, जमीन कसायला द्या, पीक द्या, नाव राहू द्या. यात पन्नाशीतल्या मुलाचं नुकसान आहे, हे मला कळतं. पण याच ठिकाणी माझ्या जुन्या मतातला पहिला मोठा खिळा निखळला. म्हातारी माणसं सातबारा सोडत का नाहीत? मी आधी समजत होते की सत्तेची हाव. थोडी आहेच. पण माझ्या पाहण्यात ज्या घरात म्हाताऱ्याला पेन्शन होती, शिक्षक, फौजी, अगदी सरकारी खात्यातला शिपाई का असेना, त्या घरात जमिनीची वाटणी आधी झाली आणि कमी भांडणात झाली. ज्याला महिन्याच्या महिन्याला स्वतःचं काही येतं, त्याची मूठ सैल असते. बाकीच्यांची पेन्शन म्हणजेच तो सातबारा. तो सोडा म्हणणं म्हणजे पेन्शन सोडा म्हणणं. तरुणांना जे म्हाताऱ्यांचं ओझं वाटतं, त्यातला निदान काही भाग म्हाताऱ्यांना पेन्शन नसल्यामुळे आहे.

कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, कारण ती सोडली तर माझाच अप्रामाणिकपणा होईल. शहरातल्या रस्त्यांवर टोल लागला, तेव्हा त्याविरुद्ध जी लढाई झाली तिच्या पुढे कोण होते? ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील आणि ऐंशीला टेकलेले गोविंद पानसरे. आमच्यासारखे हप्ते भरणारे, रजा शिल्लक ठेवणारे लोक मागे होते. पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले, तेव्हा त्यांचं वय ८१ होतं. टोल रद्द झालेला त्यांनी पाहिला नाही. मी तो रद्द झाल्यावर त्याच नाक्यावरून गाडी घेऊन जात-येत राहिले आणि वृद्धांच्या ओझ्याबद्दल बोलत राहिले. गमावण्यासारखी नोकरी आणि बढती मागे पडलेली माणसं शहराला लागतात. याचा हिशेब कुठल्या गुणोत्तरात बसवायचा मला माहीत नाही, पण शून्य धरून चालणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे ठेवींचं काम होतं. मुदतठेवीच्या फॉर्मवर नॉमिनीचा रकाना असतो. साधारण रीत अशी की म्हातारा माणूस मुलाचं नाव लिहितो, तरुण माणूस बायकोचं. मग चाळिशीच्या आसपासचे पुरुष यायला लागले, शेतकरी, चार एकर ऊस, घरी ट्रॅक्टर, आणि नॉमिनीच्या रकान्यात आईचं नाव. आईचं वय पासष्ट, सत्तर. मी एकाला सवयीने म्हटलं, “अहो, यात तुमच्यानंतर कुणाला ते लिहायचं असतं.” तो म्हणाला, “म्हाईत हाय मॅडम. दुसरं हाय कोण?”

त्याचं लग्न झालेलं नव्हतं, आणि आता होईल असं त्यालाही वाटत नव्हतं. या जिल्ह्यातल्या गावागावांत अशी पोरं आहेत, हे कुणाला नव्याने सांगायला नको. मुली नोकरदार आणि पुण्याचा मुलगा मागतात, अशी तक्रार गावात ऐकू येते, आणि त्यात तथ्य आहे. पण आधी मुली आहेत किती? २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८३९. २०११ मध्ये ८६३. शाहू महाराजांचा जिल्हा, सुधारलेला, पाण्याखालचा, हातात पैसा असलेला. २०१० च्या सुमारास लक्ष्मीकांत देशमुख इथे जिल्हाधिकारी होते, त्यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण बसवायला लावलं, कारण यंत्रांवर पाळत ठेवावी अशीच आमची कीर्ती होती.

त्या गर्भात मारलेल्या मुली का मारल्या? हुंडा होता, वंशाचा दिवा होता, जमिनीत बहिणीचा हिस्सा नको होता. आणि एक कारण होतं जे सगळे उघडपणे, अगदी प्रेमाने सांगत: मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी. मुलगी परक्याचं धन, ती जाणार. आपल्याला बघायला कोण? बँकेत मला मुलगा झाल्याचे पेढे देताना हे वाक्य किती जणींनी ऐकवलं असेल. म्हणजे माणसं म्हातारपणाची तजवीजच करत होती. सरकारने नाही, मालकाने नाही, मग पोटातून करत होती. त्या तजविजीतून जन्मलेला मुलगा आज चाळिशीत आहे, त्याला बायको मिळाली नाही, आणि तो नॉमिनी म्हणून त्याच आईचं नाव लिहितोय जिने स्वतःच्या म्हातारपणासाठी त्याला मागून घेतला होता. त्याच्या मागून आलेली, २००१ साली पाच-सहा वर्षांची असलेली पोरं २०५५ च्या आसपास साठीला येतील. देशात दर पाचात एक ज्येष्ठ असेल, असं ज्या काळाबद्दल मी पंगतीत सांगत होते, तोच हा काळ. त्यांना काठी कुठली?

पेन्शन असती तर एकूण एक मुलगी वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पेन्शनवाल्या घरांतही सोनोग्राफी झाली, शिक्षकांच्या, साहेबांच्या घरांतही, हे मी जवळून पाहिलंय. पण पेन्शनचा खर्च मोजताना पेन्शन नसल्याचा खर्च मी कधी मोजलाच नव्हता. तो खर्च नसतो असं नाही. तो सरकारच्या अंदाजपत्रकात नसतो. म्हशीच्या गोठ्यात असतो, अडकून पडलेल्या सातबाऱ्यात असतो आणि ८३९ मध्ये असतो. माझ्या त्या आवडत्या वाक्यातलं ‘सही न केलेलं कर्ज’ मुलींच्या नावावर आधीच फेडून घेतलेलं होतं.

जी कामं नोंदली जात नाहीत त्यात एक आणखी धरा. आता सगळ्यात कठीण वय साठ नव्हे, पंच्याऐंशी. अंथरुणाला खिळलेली पंच्याऐंशीची सासू आणि तिची शी-शू काढणारी बासष्टची सून, जिला स्वतःला बीपी आणि मणक्याचा त्रास. शहरात ब्यूरोची बाई मिळते, परवडली तर. गावात सून. २०११ लाच देशात साठीपुढच्या बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या, पण सातबारे कुणाच्या नावावर ते वर आलंच. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सिंगची कामं आहेत. जावं पोरींनी, चार पैसे मिळवावेत, माझी ना नाही. फक्त बघा, तिथे म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालण्याच्या कामाला पगार, रजा, पेन्शन आहे, म्हणून इथून माणूस न्यावं लागतं. इथे त्याच कामाला कर्तव्य म्हणतात. आणि ते कर्तव्य करणाऱ्या मुली आपण आधीच कमी करून ठेवल्यात.

म्हणून आता मी काय म्हणते? प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला पेन्शन हवी, थोडी असू दे, पण महागाईबरोबर वाढणारी, आणि ती तळातून सुरू व्हावी. हे ऐकल्यावर ह्यांना आनंद झाला, पण पुढचं ऐकल्यावर मावळला. कारण सरकारी जुनी पेन्शन आहे तशी सगळ्यांना परत सुरू करा, हे मला अजूनही पटत नाही. पैसा मर्यादित असेल तर रांगेत पुढे कोण, हा प्रश्न उरतोच, आणि पुढे मला ती मावशी दिसते. ह्यांचा महागाई भत्ता जानेवारीत वाढतो, जुलैत वाढतो. निराधार म्हाताऱ्यांच्या पेन्शनीत केंद्राचा वाटा वर्षानुवर्षं दोनशे रुपये, ऐंशीनंतर पाचशे. राज्य भर घालून श्रावणबाळ योजनेचे दीड हजार होतात. हे म्हणतात, “आमचं काढून त्यांना दिलंस तर दोघंही गरीब. त्यांनी आमच्यासारखं भांडावं की.” मी म्हणते, भांडायला संघटना लागते, संपावर जायला आधी नोकरी लागते. हा वाद आमच्या घरात चालू आहे. मध्यंतरी त्यांनी फॅमिली पेन्शन मलाच मिळणार आहे याची आठवण करून दिली. मी विषय बदलला.

निवृत्तीनंतर मी सासरच्या गावी लोकांचे फॉर्म भरून देते, केवायसी, हयातीचा दाखला, असलं काहीबाही. शेणात-पाण्यात झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला लागत नाही, तेव्हा कुणीतरी सोबत जावं लागतं. परवा त्याच मावशी आल्या. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण सुरू झाली तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या, म्हणजे त्यातून बाद. तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख होती. पासष्टीपुढच्यांना श्रावणबाळ, पण तिथे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागायचं नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत. बाई पासष्टीची झाली की तिची गरिबी अडीच लाखांवरून एकवीस हजारांवर येते, असं हे गणित.

मी म्हटलं, “मावशी, तुमचं एका म्हशीचं दूधच एकवीस हजारांच्या वर जातंय. बिल बँकेत दिसतं.”

“मग म्हस विकली तर मिळंल?”

“मुलाचा पगार धरतील.”

“आन् त्यो येगळा ऱ्हायला तर?”

“मग मिळेल. महिन्याला पंधराशे.”

मावशींनी बोटांवर काहीतरी मोजलं. वैरण, गोळी पेंड, डॉक्टर वजा केला असेल, नातवाची फी धरली असेल. मी कॅल्क्युलेटर पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला.

“ऱ्हाऊ दे बाई,” त्या उठत म्हणाल्या. “म्हशीला तरी दाखला लागत न्हाई.”